चिंचेनं घासलेला राणीछाप

चिंच भिजत घातली की तिच्या आंबट वासाबरोबर मला कोल्हापुरातली माझी पहिली दिवाळी आठवते. तेव्हा महाराजांचं राज्य होतं आणि मी घरात नवी सून होते. पूजेची चांदीची भांडी घासताना सासऱ्यांनी मखमलीत जपून ठेवलेला राणीछाप रुपयाही मी कौतुकानं चिंच आणि राखेनं लख्ख केला. दुपारी तो मुद्दाम बघायला कागलहून सासऱ्यांचे दोस्त आले. ते अत्तर विकायचे, पण खरा नाद नाण्यांचा. रुपया उन्हात तिरका करून ते हळहळले, "घासला की वो ह्यो!" मग खिशातला स्वतःचा रुपया काढून तसाच कलता केला, तर त्यावर उजेड चाकासारखा गरगर फिरला. आमच्या रुपयावर तो नुसताच सांडला. "ही झळाळी टाकसाळीत ठसा पडताना येती. एकदा घासली की परत न्हाय." मी दाराआडून सगळं बघत होते. सासूबाईंनी माझ्यावर तोंड सोडलं, तसे सासरे गरजले, "गप गं! रुपाया गेला त्यो गेला. ही पोरगी आत्ताच टाकसाळीतनं आलीया, हिला तरी घासू नगंस!" पाहुणे खो खो हसले. परवा माझ्या नव्या सुनेनं माझी जरीची पैठणी सोड्यात उकळली. मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.