टपाची मोटार

देवासात मोटारीत बसणारी निम्मी माणसं कुठेतरी पोचायला बसत असतील आणि निम्मी मिरवायला. पण 'अशी गाडी दुसऱ्या कोणाकडे नाही' एवढ्याचसाठी बसणारा माणूस एकच झाला, आणि तो माझ्याच वाट्याला आला. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याची ही मोटार ढकलणं. ढकलत होतो आम्ही दोघे म्हातारे. आमची ही आत स्टिअरिंग धरून बसली होती आणि मागे मान वळवून सांगत होती, "जोर लावा, फराळाला तर मागे नव्हतात."

मेहुणा कारखान्यात फिटर होता. माळव्यात गाडी घ्यायची म्हणजे पांढरीच घ्यायची, असा जणू कायदा असल्यासारखे लोक वागतात, याचं त्याला फार दुःख. मला म्हणायचा, "भावजी, लग्नाच्या हॉलबाहेर लोक किल्लीचं बटण दाबून आपली गाडी ओळखतात. बायको अशी ओळखायची पाळी आली तर?" रिटायर झाल्यावर त्याने भंगारात निघालेली एक मोटार घेतली आणि तिचं छप्पर कापून टाकलं. मनावर गावात एका म्हाताऱ्याचा टांगा पडून होता, त्याचा झालरीचा टप आणून वर बसवला. टपाचं कापड जीर्ण झालेलं, ते शिवायला माझ्याकडे धारला आणलं. मी चौथी शिकलेला शिंपी. ब्लाउज शिवले, पायजमे शिवले, पण मोटारीचं टोपडं शिवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. टांग्याची पायाने वाजवायची घंटाही त्याने क्लचशेजारी बसवली. आता खाली चार गोष्टी झाल्या आणि ह्याचे पाय दोन. एकदा चौकात ब्रेकऐवजी घंटा दाबली आणि वाजतगाजत पपईच्या ठेल्यात शिरला. पोलीस आला, खालून वरून बघून म्हणाला, "भिया, ये मोटर है कि तांगा?" हा पपईच्या बिया झटकत म्हणाला, "तांगा है साब, घोड़े अंदर बिठा रखे हैं।" पोलीस इतका हसला की चलान करायचंच विसरला.

एवढ्या थाटाच्या गाडीत पुढची जागा मात्र रिकामी. स्वतःच्या बायकोलासुद्धा तो मागे बसवायचा. ती जागा अक्काची, म्हणजे आमच्या हिची. आई लवकर गेली, हिनेच त्याला कडेवर वागवून वाढवला. अक्काला शेजारी बसवून देवासच्या बाजारातून एक फेरी मारायची, एवढंच त्याचं मागणं. आणि नेमकी तीच बसेना. म्हणायची, "लोकं हसतील. मी काय मिरवणुकीतली आरास आहे?"

भाऊबीजेला खरं तर भावाने बहिणीकडे जायचं. आमच्याकडे उलटं होतं, कारण ही मोटार देवासबाहेर गेली तर परत येईलच असा भरवसा नव्हता. आम्हीच बसने जायचो. ही ओवाळायची आणि तो ताटात काहीच घालायचा नाही. "ओवाळणी गाडीत ठेवलीय अक्का, बसून घे." ही बाहेरूनच हात घालून लुगडं उचलायची, की हरला तो वर्षभरासाठी. यंदा मात्र बेट्याने लुगडं सीटला गाठी मारून बांधून ठेवलं होतं. बाहेरून सुटेना, तेव्हा ती बडबडत आत बसली. दुसरी गाठ सोडते तोवर ह्याने गाडी काढली. मी धावत जाऊन कसाबसा मागे चढलो.

पहिल्या वळणापर्यंत तिने त्याला ठेवणीतल्या शिव्या दिल्या. बाजारात लोक खरंच हसले, तेव्हा तोंडावर पदर ओढला. मिठाईच्या दुकानापाशी पदर जरा खाली आला. देवीच्या टेकडीखाली पोचलो तेव्हा ती विचारत होती, "घंटा कुठे आहे रे?" आणि पाय आडवा घालून तिने ती अशी काही वाजवली की मेहुणा बघतच राहिला. तिथेच इंजिन बंद पडलं.

रात्री मेहुण्याकडेच मुक्काम केला. निजताना ती मला म्हणाली, "त्याला सांगू नका हं, पण मजा आली. कळलं तर उद्या टपावर दिव्यांची माळ लावेल."

सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली.

तिला धारला न्यायचं ठरलं, मुलगा तिकडे होता. शववाहिनी बोलावली. माणसं जमत होती तेवढ्यात मेहुणा कुठेतरी निघून गेला, आणि आला तो शेजाऱ्याची पांढरी गाडी घेऊन. मला रागच आला. म्हटलं, तुझी कुठे आहे? ती काल काय म्हणाली तेही सांगून टाकलं. त्याने त्या पांढऱ्या गाडीच्या दाराला कपाळ टेकलं.

"नको भावजी," तो म्हणाला. "माझी काढली तर लोक गाडीकडे बघतील. आज अक्काकडे बघू देत."

मग मला शेजारी बसवून तो शववाहिनीच्या मागोमाग निघाला. बाजारातून, टेकडीखालून, पुढे धारपर्यंत, तसल्याच पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत. त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.