मामांचा कॅमेरा आणि आत्याचं कुंकू

देवाने जगातल्या सगळ्या वस्तू निर्माण केल्या त्या पुसण्यासाठीच, अशी आमच्या मामांची खात्री होती. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, मंठ्याला पोस्टात होते. लग्नाच्या पंगतीत बसले की आधी आपला पेला पुसायचे, मग शेजाऱ्याचा, आणि वरण येईपर्यंत अर्धी पंगत चकचकीत करून टाकायचे. एसटीत तर उपरण्याने खिडकी पुसण्यात असे रंगायचे की कंडक्टर तिकीट विचारून विचारून कंटाळायचा. आत्या म्हणायची, "माझ्याकडं कधी इतकं निरखून बघितलं न्हाई यांनी."

दुष्काळ सरला त्या वर्षी जालन्यातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद पडला आणि मामा तिथला तीन पायांचा लाकडी कॅमेरा एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. सोबत फोटो उमटवायची काचेची एकच शाबूत प्लेट मिळाली, म्हणजे फोटो एकच निघणार. पण त्यांना एकच हवी होती, कारण आत्याचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला आलाच नाही, हे तिने त्यांना कधी विसरू दिलं नव्हतं. "मी मेल्यावर भिंतीला काय लावताल? कॅलेंडर?" असं ती चारचौघांत विचारायची.

मग काय, लाकडाला जवसाचं तेल, पितळेला चिंच-मीठ, आणि भिंगामागच्या घडीच्या कातडी भात्याच्या भोकांवर छत्रीच्या काळ्या कापडाची ठिगळं, तीही सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेली. भात्यात कुठून उजेड शिरतो ते बघायला मामा भर उन्हात काळ्या फडक्यात डोकं खुपसून बसायचे. भेटायला आलेला माणूस त्या फडक्याशीच गप्पा मारून, चहा पिऊन जायचा. "अहो, फोटो कधी?" आत्या विचारायची. फडक्यातून उत्तर यायचं, "जल्दी नको करू. भिंग बराबर पुसून राह्यलो." त्या भिंगाजवळ आम्हाला मोठ्याने श्वास घ्यायचीही चोरी होती.

अखेर दसऱ्याचा मुहूर्त ठरला. पण आदल्या दिवशी खंडेनवमी. आत्याने विळा पुजला, शिलाई मशीन पुजलं आणि मोठ्या भक्तिभावाने कॅमेऱ्यालाही ओल्या बोटाने कुंकू लावलं, ते नेमकं भिंगावर. सकाळी ते पाहून मामांचा चेहरा उतरला. त्यांनी कापड उचललं, तर नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसलेली आत्या कडाडली, "सणासुदीचं माझ्या हातचं कुंकू पुसताल? बिलकुल न्हाई!" आणि आयुष्यात पहिल्यांदा मामांनी काही न पुसता कापड खाली ठेवलं.

फोटो आला तो सगळा धुरकट. मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. आत्या मात्र खूश. "गोरी दिसून राह्यले मी," म्हणाली.

पुढे आत्या मामांच्या आधी गेली. नंतर मी मंठ्याला गेलो तेव्हा मामा कॅमेराच पुसत बसले होते. लाकूड, पितळ सगळं लखलखत होतं. भिंगावर मात्र ते कुंकू काळं पडून तसंच होतं. भिंतीवर तो धुरकट फोटो. मला राहवेना. "मामा, मी पुसू का भिंग?" म्हणत मी कापड उचललं, तसा त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे रे. सवाष्ण गेली ती. मंग तिचं कुंकू आपण कशाला पुसायचं?"

मला भरून आलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोळ्यांवरचा चष्मा अलगद काढून घेतला आणि उपरण्याने तो पुसू लागले. बराच वेळ पुसत होते.