गवई आणि बिनआवाजाची गाडी

डॉक्टरीणबाईंच्या पायाला भिंगरी आहे, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, आणि ते काही कौतुकानं म्हणायच्या नाहीत. बाईंना बसून चहा पिणं जमायचंच नाही. कप हातात घेऊन खिडकीपाशी, तिथून ओट्यापाशी, तिथून दारात. शेवटचा घोट कुठे घेतला ते कप सापडेल तेव्हा कळायचं. एकदा तो चपलांच्या कपाटात सापडला होता. अशी बाई गुरांची डॉक्टर झाली हे बरंच झालं, कारण माणसांच्या डॉक्टरला निदान खुर्चीत तरी बसावं लागतं.

खालच्या गावात त्यांचा दवाखाना होता आणि आठवड्यातून एकदा डोंगरावरच्या वस्त्यांची फेरी असायची. रस्त्याच्या एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मधे जीपपुरती जागा, तीही जीपनं पोट आत घेतलं तर. फेरीला यजमान सोबत असत. त्यांचं गावात चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर एका जागी बसून काचा घासायच्या, वाकड्या काड्या सरळ करायच्या. बाईंच्या अगदी उलट, ठेवलेल्या जागी राहणारा माणूस. पण फेरीच्या दिवशी दुकानाला कुलूप म्हणजे कुलूप, मग गिऱ्हाईक दाराशी चाचपडत का उभं असेना. वर गेल्यावर ते जनावर धरत, औषधांची पेटी उचलत.

आणि वाटेत ते गात. त्यामुळे वस्त्यांवर त्यांचं नावच पडलं होतं, गवई. जीप वळणावर दिसली की काचेआड त्यांचे ओठ हलताना दिसायचे. खाली उतरल्यावर कोणी म्हटलं, गवई, आम्हालाही ऐकवा की, तर ते घशाला हात लावायचे. त्यांचा घसा नेहमी गाडीतून उतरल्यावरच बसायचा.

खरं तर बाईंनीही ते गाणं कधी ऐकलं नव्हतं. इंजिनाचा आवाज असा, की शेजारच्या माणसाचं ऐकायचं तर आधी गाडी थांबवावी लागे, आणि थांबणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. ओठ हलताना दिसले की त्या मधूनमधून "हं" म्हणत. त्या "हं"वर संसार उत्तम चालला होता.

मग जीप कामातून गेली. मेस्त्री तिच्याखाली झोपून बाहेर आला तो मान हलवतच.

"डॉक्टरीणबाई, ही गाडी नुसत्या रंगावर उभी आहे. गंज म्हणतोय मी जातो, रंग म्हणतोय थांब जरा."

"वेल्डिंग करा ना."

"कशाला करू? धरायला लोखंड तर पाहिजे!"

आणि नेमका याच वेळी दवाखान्याच्या मुख्य कचेरीतून निरोप आला: महिनाअखेरपर्यंत चालती गाडी दाखवा, नाहीतर वरच्या वस्त्यांची फेरी बंद, लोकांनी आजारी जनावरं खाली आणावीत. हे ठरवणाऱ्या माणसानं अडलेली गाय कधी डोंगर उतरवून पाहिली नसावी. बाईंनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि घरातल्या घरात एवढ्या फेऱ्या मारल्या की यजमानांनी सतरंजी गुंडाळून ठेवली.

आता दोन गाड्या समोर होत्या. एक बॅटरीची, कोरी करकरीत, चारही चाकांना ताकद असलेली, डोंगरदऱ्यांसाठीच बनवलेली. दुसरी पेट्रोलची, एका ठेकेदारानं वापरून विकायला काढलेली. बाईंचं मन घटकेत इकडे, घटकेत तिकडे. सकाळी म्हणायच्या, बॅटरीचीच घ्यायची, लस थंड ठेवायची पेटी तिच्यावर चालेल, क्लच नाही की गियर नाही, चढावर मुंगीच्या चालीनंसुद्धा दम न लागता चढेल. दुपारी म्हणायच्या, पण चढाला बॅटरी भराभर खाली येते, आणि वस्तीवरची वीज म्हणजे पाहुणी. येते, चहापुरती टेकते, निघते. संध्याकाळी म्हणायच्या, पण उतारावर थोडी पुन्हा भरते की! रात्री कूस बदलत म्हणायच्या, आणि बिघडली तर? मेस्त्रीला त्यातलं काय कळतं?

मेस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, "पेट्रोलची बिघडली तर मी वर येऊन दुरुस्त करीन. बॅटरीची बिघडली तर मी वर येऊन तुमच्यासोबत बसेन." ठेकेदाराच्या गाडीखालीही तो जाऊन आला होता. तेल गळतंय, एका ठिकाणी चासीला जोड मारलाय, पण इंजिन ठणठणीत. आवाज मात्र जुन्या जीपच्या वरताण.

"तीच घे," यजमान म्हणाले.

बाईंनी चमकून पाहिलं. पान्हा आणि पक्कड यांतला फरक न कळणारा हा माणूस! घरात फ्रिज कुठला घ्यायचा, लेकीला कुठल्या कॉलेजात घालायचं, सगळ्याला ज्याचं उत्तर "तुला बरं वाटेल ते", तो आज अडून बसला होता.

"का पण?"

"दणकट आहे. आणि गाडीला आवाज पाहिजे. आवाज नसलेल्या गाडीचा काय भरवसा?"

"अहो, आवाजावर का गाडी चालते?"

"मला आपलं वाटतं," ते म्हणाले आणि पुन्हा काच घासायला लागले. पण पुढचे कितीतरी दिवस, विषय निघाला की तेच. लेकीनं फोनवर बॅटरीच्या गाडीची बाजू घेतली तर तिलाही म्हणाले, तू राहतेस सपाटीवर, तुला काय कळणार. लेक म्हणाली, बाबांना काय झालंय? बाईंनाही तोच प्रश्न पडला होता.

शेवटी बाईंनी बॅटरीच्या गाडीच्या दुकानात जाऊन सांगितलं, गुळगुळीत रस्त्यावर फिरवून मला काही कळणार नाही, एक दिवस डोंगरावर न्यायला द्या. दुकानदार तयार झाला, पण स्वतः काही सोबत आला नाही. फेरीच्या दिवशी यजमान गाडीत बसले ते दारात पाहुण्यानं बसावं तसे, अर्धेच.

गावाबाहेर पडेपर्यंत बाई खूश होत्या. गाडी पाण्यासारखी सरकत होती. चढ लागला तशी खालून फक्त खडी चुरडल्याचा आवाज. पहिलं अवघड वळण आलं, दरी यजमानांच्या बाजूला उघडली, आणि बाईंना काहीतरी ऐकू आलं. त्यांना वाटलं, टायरमधून हवा जातेय. त्यांनी कान दिला.

"नाही पडत. नाही पडत. एवढं एक वळण. नाही पडत."

बाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. यजमान गुडघ्यांकडे बघत होते. हाताची पकड दाराच्या कडीवर, बोटं पांढरी. ओठ अगदी रोजच्यासारखे हलत होते. हेच ते गाणं.

एवढी वर्षं! एवढी वर्षं हा माणूस शेजारी जीव मुठीत धरून बसला होता आणि आपण वळणं घेत होतो भरधाव, वरून म्हणत होतो "हं"! कौतुकानं लोकांना सांगत होतो, आमचे हे गाडीत गातात हो! बाईंनी वेग कमी केला.

वस्तीवर एक म्हैस अडली होती. यजमानांनी तिला धरलं. लाथा झाडणारं ते धूड, पण त्यांचा हात जराही हलला नाही. तिच्या कानाशी तोंड नेऊन ते तिला चुचकारत राहिले. हात हलला तो बाईंचा. दोरीची गाठ दोनदा सुटली, इंजेक्शनची सुई मातीत पडली. रेडकू सुखरूप बाहेर आलं हे म्हशीचं नशीब. म्हशीची मालकीण म्हणाली, बाई, बरं नाही का? गवई म्हणाले, नवी गाडी आहे ना, लक्ष तिकडे आहे.

परतीला उतार होता, आणि उतारावर दरी जास्तच दिसते. बाई बैलगाडीच्या गतीनं निघाल्या. तरी कानावर येतच होतं, नाही पडत, नाही पडत. वळणाच्या अलीकडे रस्ता जरा रुंद झाला तिथे त्यांनी गाडी कातळाला लावली आणि थांबवली.

"बॅटरी संपली का?" यजमानांनी विचारलं.

"नाही."

"मग थांबलीस कशी? तू?"

"तुम्ही काय म्हणत होता?"

"कुठे काय. गात होतो."

"कुठलं गाणं?"

यजमानांनी दरीकडे पाहिलं, पटकन नजर काढून गुडघ्यांवर आणली. मग हळूच म्हणाले, "ऐकू आलं ना?"

"हं," बाई म्हणाल्या, आणि तो "हं" म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"कधीपासून आहे हे?" बाईंनीच पुढे विचारलं.

"पहिल्या फेरीपासून."

"अहो, मग यायचं कशाला? मी कधी बळजबरी केली?"

"नाही केलीस." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "लेक तान्ही होती तेव्हा एकदा तू एकटी वर गेली होतीस. जीप ओढ्यात अडकली, दुसऱ्या दिवशी आलीस. आठवतं?"

बाईंना आठवत होतं. ओढ्याची ती गोष्ट त्या हसत हसत सांगायच्या, चिखलात रुतलेल्या बुटासकट.

"तू हसत आलीस. मी लेकीला कडेवर घेऊन रात्रभर दारात उभा होतो. तेव्हाच ठरवलं. घरी बसून घाबरण्यापेक्षा तुझ्या शेजारी बसून घाबरलेलं बरं."

बाईंना एकदम रडू फुटलं. हे त्यांना नवीन होतं. रडायलाही माणसाला जरा एका जागी बसावं लागतं.

"आणि म्हणून पेट्रोलची गाडी?"

"त्या आवाजात माणूस मोकळेपणानं घाबरू शकतो," यजमान म्हणाले. "तीच घे. चेष्टा नाही करत. आज तुझा हात हलला. माझं ऐकत बसलीस तर गाडी चालवायची कशी आणि जनावर सोडवायचं कसं?"

बोलण्यात खोट नव्हती. बाईंनी नाक पुसलं.

"मला राग आलाय."

"माझा?"

"त्या जीपच्या इंजिनाचा," बाई म्हणाल्या. "आणि माझा."

घरी आल्यावरही त्यांची घालमेल संपली नाही. गाडीचा हिशेब आता वेगळाच झाला होता. पेट्रोलची घेतली तर सगळं पूर्वीसारखं. ते पुटपुटणार, आपण "हं" म्हणणार, आणि प्रत्येक वळणावर आपल्याला माहीत असणार. ते त्यांना सोसणारं नव्हतं. एक दिवस त्यांनी यजमानांना म्हणून पाहिलं, तुम्ही घरीच थांबा, मी वस्तीवर पोचले की फोन करीन. यजमानांनी फेरीच्या दिवशी दुकानाला लावायच्या कुलपाची किल्ली शोधून खिशात टाकली.

महिना संपायच्या आत बाई गॅरेजवर गेल्या आणि बॅटरीची घेत असल्याचं सांगितलं.

"गवईंना पटलं?" मेस्त्रीनं विचारलं. "ते तर आवाजावर अडून बसले होते."

"पटेल," बाई म्हणाल्या. "मला त्यांचं गाणं ऐकायचंय."

पहिल्या फेरीला यजमान तसेच अर्धे बसले. चढ सुरू झाला. बाईंचा पाय सवयीनं अॅक्सिलरेटर दाबायला गेला, त्यांनी तो आवरला. आयुष्यात एवढा जोर त्यांनी दुसऱ्या कशाला लावला नव्हता. वळण आलं, दरी उघडली.

"नाही पडत," यजमान पुटपुटले आणि शरमून गप्प झाले.

"नाही पडत," बाई म्हणाल्या.

यजमानांनी मान वळवून पाहिलं. बाईंची नजर रस्त्यावरच होती.

"एवढं एक वळण," ते म्हणाले.

"एवढं एकच. नाही पडत."

गाडी हळूहळू वर येत होती. वस्तीवरच्या म्हशीच्या मालकिणीनं ती वळणावर पाहिली, डोळ्यांवर हात धरून नीट पाहिली, आणि घरोघर सांगत सुटली, की ऐकलं का, आता डॉक्टरीणबाईसुद्धा गायला लागल्या.