फ्लेक्सवरून उडालेल्या थोरल्या सुना

आमच्या सासरी थोरल्या सुनेला स्वतःचं नाव ठेवता येत नाही. लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीनं माहूरच्या देवीचं नाव लिहितो आणि त्या क्षणापासून तेच तिचं नाव. कुणा खापरपणजोबांनी तसा नवस बोलला होता म्हणे. नवस त्यांनी बोलायचा आणि नावं आम्ही सोडायची, हा न्याय मला तीस वर्षांत पटलेला नाही. धाकट्या सुनांचं बरं असतं. त्यांची नावं नवऱ्याच्या आवडीप्रमाणे बदलतात, नाहीतर कंटाळा आला की बदलतच नाहीत. थोरलीला मात्र सुटका नाही. अशा ओळीनं पाच पिढ्यांतल्या पाच बायका एकाच नावाच्या झाल्या. चौथ्या माझ्या सासूबाई आणि पाचवी मी.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या दिरांच्या डोक्यात भावकीचा मेळावा घ्यायचं आलं. भाऊजी नांदेडला नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. निवृत्त माणसाला घरात बसवत नाही आणि घरच्यांना तो बसलेला बघवत नाही, त्यामुळे कुणी आडवं गेलं नाही. लोह्यात मंगल कार्यालय ठरलं. स्टेजमागं लावायला वंशावळीचं मोठं फ्लेक्स करायचं ठरलं. वडाचं झाड, पानापानावर एकेका पुरुषाचं नाव आणि खाली बारीक अक्षरात त्याच्या बायकोचं. बुंध्याशी संयोजक म्हणून खुद्द भाऊजींचा हात जोडलेला फोटो. तो मूळ पुरुषाच्या पानापेक्षा चौपट मोठा होता.

फ्लेक्सवाल्यानं कच्चं डिझाइन मोबाइलवर पाठवलं. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, शाळा दोन वर्षांची, पण अक्षर लावून लावून वाचतात आणि बोटांनी चित्र मोठं करायला नातीनं शिकवलेलं आहे. त्यांनी झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत तपासलं.

"म्या कुठं हाय ह्यात?"

मी बघितलं. त्या नव्हत्या. मीही नव्हते. सगळ्यांत वर खापरपणजोबांच्या पानाखाली तेवढं देवीचं नाव होतं. खालच्या चारही पिढ्यांतले थोरले पुरुष बिनबायकोचेच लेकुरवाळे होऊन बसले होते. भाऊजींनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

"सर, एकच नाव पाच डाव आलं व्हतं," तो म्हणाला. "डबल टायपिंग झालं म्हणून म्या चार उडवले. त्याचा चार्ज न्हाई लावला."

भाऊजी पोट धरून हसले. आमचे हे पण हसले. मलाही हसू आलं, पण माझं नाव उडाल्याचा राग त्या हसण्याच्या आधी पोचला होता.

"परत टाकायला सांगतो, आई," भाऊजी म्हणाले.

"परत तेच टाकलं तर परत उडवंल त्यो. माजं माहेरचं नाव टाका. माज्या बापानं ठेवलेलं."

"बरं. काय व्हतं ते?"

"ते म्या सांगत नसते."

लग्नानंतर त्यांच्या सासूनं त्यांना माहूरला नेऊन देवीपुढं शपथ घ्यायला लावली होती. जुनं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. साठ-पासष्ट वर्षं पाळलेली शपथ त्या काही एका फ्लेक्ससाठी मोडणार नव्हत्या. नाव मात्र पाहिजे म्हणजे पाहिजेच. तुमचं तुम्ही हुडका, आणि त्याबिगर मी मेळाव्याला येणार न्हाई, असं म्हणून त्यांनी जपाची माळ हातात घेतली. घरातलं सगळ्यांत मोठं माणूस नसेल तर कसला मेळावा! भाऊजींचा चेहरा उतरला.

दोन्ही लेक कामाला लागले, म्हणजे सोफ्यावर बसून अंदाज करायला लागले. नद्यांची नावं झाली, फुलांची झाली, पुराणातल्या निम्म्या बायका झाल्या. "तोंडानं नको, आई. नुसती मान हलव," भाऊजी काकुळतीला येऊन म्हणाले.

"देवी काय आंधळी हाय का?"

मी आमच्या ह्यांना विचारलं, "माझं माहेरचं नाव तरी आठवतं का?"

"म्हणजे काय! आठवतं की," असं म्हणून हे पाणी प्यायला उठले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

मी कागद काढले. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, सगळीकडे देवी. कागदोपत्री त्यांचा जन्म लग्नाच्या दिवशीच झालेला. माहेरचं आता एकच माणूस उरलं होतं. त्यांचे धाकटे भाऊ, लातूरचे डाळमिलवाले मामा. मी एसटी धरून लातूर गाठलं.

"अक्काचं नाव?" मामा म्हणाले. "अक्का."

"ती तुमची हाक झाली, मामा. नाव काय होतं?"

"समदे अक्काच म्हणायचे की. मायबी अक्काच म्हणायची, चिडली म्हंजी मग..." मामा थांबले. चिडल्यावर माय काय म्हणायची ते काही केल्या आठवेना. तुरीच्या चाळीस जाती डोळे मिटून ओळखणारा माणूस, पण सख्ख्या बहिणीचं नाव ओठावर येईना. "नाव असंल की! नसंल कसं?" असं म्हणत ते उगीच हमालांवर ओरडून आले.

शेवटी त्यांच्याच गाडीतून आम्ही त्यांच्या गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक तरुण आणि उत्साही होते. त्यांनी कपाटाच्या तळातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. धूळ अशी की तिघंही शिंकायला लागलो. वडिलांच्या नावावरून मी बोट खाली आणत गेले आणि सापडलं. निळ्या-काळ्या शाईत, टाकानं लिहिलेलं, चांगलं ठसठशीत नाव. आनंदानं मी त्या मुख्याध्यापकांचे दोन्ही हात धरले. ते बिचारे लाजले.

मामा शेवटचा रकाना वाचत होते. शाळा सोडल्याचं कारण. तिथं लिहिलं होतं, 'तान्हा भाऊ सांभाळण्यासाठी.'

"ह्यो म्या," मामा म्हणाले.

मग ते भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत उभे राहिले. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही. बाहेर येऊन मी म्हटलं, "मला स्टँडवर सोडा, सव्वातीनची गाडी आहे." मामांनी ड्रायव्हरला सांगितलं, "स्टँड न्हाई. नांदेडला घे."

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई पुढच्या खोलीत दाराकडं पाठ करून मेथी निवडत बसल्या होत्या. मी आत जायला लागले तर मामांनी मला हातानं अडवलं. चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी ते नाव घेऊन हाक मारली. मोठ्यानं, शेवटचं अक्षर लांबवून, माय दारातून लेकीला मारते तशी.

"ओऽ! आले!" असं म्हणत सासूबाई गुडघ्यावर हात टेकून अर्ध्या उठल्यासुद्धा. मग त्यांना उमगलं. वळून दाराकडं बघितलं. भाऊ डोळे पुसत होता आणि त्यांच्या पदरातली मेथी सगळ्या फरशीवर पसरली होती.

भाऊजी धावत आले. "आई, शपथ मोडली का गं?"

"म्या कुठं नाव घेतलं? ओ दिली फकस्त."

भाऊबहीण तासभर बोलत बसले, मी चहा टाकला. कप हातात घेता घेता सासूबाईंनी मला विचारलं, "तुजं काय व्हतं गं?" तीस वर्षांत हे पहिल्यांदा. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं. "चांगलं हाय की. तेबी टाक."

मी त्यांच्यासमोरच फ्लेक्सवाल्याला उडवलेली नावं परत टाकायला सांगितलं, आमच्या दोघींच्या जागी ही दोन नावं दिली, आणि जागा कमी पडली तर बुंध्याजवळचा फोटो बारीक कर, हेही. भाऊजी तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघत राहिले.

"मॅडम," फ्लेक्सवाला म्हणाला, "वरच्या तिघींचं अजून डबल हाय. दोन उडवून टाकू का?"

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"उडवू नको, बाबा," त्या म्हणाल्या. "त्यांची नावं मलाबी ठाव न्हाईत. आन् त्यांचा कुणी भाऊ न्हाई उरला आता हाक मारायला."