बोगोटाच्या बँडांचा पंचनामा

वर्षातून एकदा, ऑगस्टातल्या पहिल्या शनिवारी, मेडेलिनच्या कास्तिया वस्तीतली माणसं राजम्याचं ताट संपवायच्या आत रेडिओ लावायची आणि जिभेला धार करून बसायची. त्या दुपारी आर्बे सापाता राजधानी बोगोटाच्या रॉक बँडांचा क्रम लावायचा. कार्यक्रमाचं नाव 'बोगोटाचे सर्वोत्तम दहा'. यातला 'सर्वोत्तम' हा शब्द आर्बे नाकातून, लांबवून, गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळल्यासारखा म्हणायचा, आणि तेवढ्यावरच डोंगरउतारावरच्या निम्म्या घरांतून हशा फुटायचा. मेडेलिनमध्ये बोगोटाच्या माणसाला रोलो म्हणतात. आर्बेला हा शब्द पुढेमागे एखादी शिवी जोडल्याशिवाय म्हणताच येत नसे.

पोटापाण्यासाठी आर्बे बसचे सायलेन्सर जोडायचा. तरुणपणी तो 'गंज' नावाच्या बँडमध्ये ड्रम बडवायचा. ड्रमला कातडं विकत घेण्याची कोणाची ऐपत नव्हती, म्हणून वस्तीतली पोरं इस्पितळाच्या मागच्या दारी जाऊन टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्म उचलून आणायची आणि त्याच ताणून बसवायची. आर्बेच्या मोठ्या ड्रमवर कोणा अनोळखी माणसाच्या बरगड्या होत्या. एक बरगडी मोडलेली होती, नेमकी तिथंच काठी बसली की आवाज झकास यायचा.

असा हा ड्रम घेऊन 'गंज' एकदा बोगोटाला गेला होता. रात्रभर बसमध्ये अंग आंबवून पोचले, तर दुसऱ्याच गाण्याला यांचा आवाज बंद. आवाज तोडणारा होता गोन्सालो पुल्गारिन, 'गलिच्छ धुकं' या तिथल्या बँडचा गायक. त्या दिवसाचा कार्यक्रम त्यानंच भरवलेला. तो माइकवर येऊन म्हणाला, "माफ करा हं, अगदी लाज वाटते सांगायला, पण वेळ संपली. आपण इतक्या लांबून आलात, किती गोड!" मग त्यानं वाकून त्या बरगड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाकी आपण ड्रम वाजवताय की पेशंट तपासताय?"

सगळं बोगोटा हसलं. निदान आर्बेला तरी तसं ऐकू आलं. तेव्हापासून त्या शहराचं नाव निघालं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

क्रम लावायची त्याची रीत साधी होती. बेकरीच्या माडीवर वस्तीच्या रेडिओची खोली होती, तिथं तो माइकसमोर चिचारोनची पुडी सोडून बसायचा. चिचारोन म्हणजे डुकराची कडक तळलेली चरबी आणि कातडी. एलिएसेर खाटकाकडचं चिचारोन दाताखाली आलं की सुकी फांदी मोडल्यासारखं वाजायचं. बँड सुरू व्हायचा, आर्बे चावायचा, आणि ते कुडूमकुडूम गाण्यावर स्वार होऊन घराघरात पोचायचं. चावणं चालू राहिलं तर बँड गेला. चावणं थांबलं, तर गाण्यात काहीतरी दम आहे. बाकी विद्वत्ता नाही, चर्चा नाही. जबडा म्हणेल ते खरं.

कास्तिया या जबड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची. म्हणून यंदा वस्तीच्या कमिटीनं ठरवलं की आर्बे पहिला नंबर देईल त्या रोलो बँडला सप्टेंबरच्या जत्रेत, खालच्या मैदानावर वाजवायला बोलवायचं. "बोलवून काय करायचं?" असं कोणीतरी विचारलं. "समोरासमोर शिव्या घालता येतील," असं उत्तर मिळालं, आणि ठराव पास झाला.

घोळ इथंच होता. दहा बँडांमध्ये एक 'खाष्ट मावशी' होता, आणि त्यात बेस गिटार वाजवायची मार्योरी सापाता. आर्बेची एकुलती एक लेक.

मार्योरी ध्वनिमुद्रण शिकायला बोगोटाला गेली, तेव्हा बसस्टँडवर आर्बे सगळ्यांसमोर ओरडला होता, "जा! पण रोलो होऊन परत येऊ नकोस!" पोरगी बापावर गेलेली. ती परत आलीच नाही. फोन करायची तो आईला, आणि तोही आर्बे कामावर असताना. या वेळी तिनं आईला सांगितलं, "वाजवायला बोलावलं तर येईन, अमा. लेक म्हणून बोलावणं यायचं नाही, ते मला ठाऊक आहे."

आई लिगिया रेडिओवर काचेपलीकडे बसून बटणं आणि फोन सांभाळायची. हा निरोप तिनं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आर्बेला दिला, अरेपा म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या थापता थापता. विनंती केली नाही. फक्त तवा असा आपटला की भिंतीवरचा देव हलला.

"बँडमधल्या त्या तीन रोलोंना घेऊन येणार?" आर्बे म्हणाला. "माझ्या मैदानावर?"

"तुझं मैदान? नगरपालिकेचं आहे ते."

"लोक काय म्हणतील? बापानं पोरीला पहिला नंबर दिला!"

"जबडा ठरवतो ना? मग जबड्याला ठरवू दे," लिगिया म्हणाली आणि त्याच्या ताटात जळकी अरेपा वाढली.

दुपारी पंचनामा सुरू झाला.

"नमस्कार, कास्तिया! आज आपण थंड, ओल्या, उदास राजधानीच्या सेवेत आहोत," आर्बे मफलरी आवाजात म्हणाला. "माफ करा हं, लाज वाटते, पण पहिला मुडदा बाहेर काढतो. बँडचं नाव 'उणे आठ'."

'उणे आठ' सुरू झाला. कुडूम. कुडूम. फोन खणखणला.

"आर्बेभाऊ, एलिएसेर बोलतोय. गायकाला दूध-अंड्याच्या सूपवर वाढवलंय का रे? त्यात बुडून मरतोय असा गातोय!"

"रोज सकाळी तेच पितात ते. पोटात ते गेल्यावर घशातून दुसरं काय येणार?"

मग 'छत्रीवाले' आले. आर्बेनं त्यांच्या गायकाची नक्कल केली, "आपली परवानगी असेल तर, आपल्याला त्रास होणार नसेल तर, मी जरासा बंडखोर होऊ का?" एका बाईनं फोनवर सांगितलं की तिच्या नवऱ्याला हसता हसता उचकी लागली आहे आणि हा बँड शेवटून पहिला ठेवावा. ठेवला. तिसऱ्या बँडला आर्बे म्हणाला, "यांची तालीम बँकेत होते वाटतं. कोणाचा आवाज चढत नाही आणि सगळे रांगेत उभे."

मधेच 'गलिच्छ धुकं' लागलं. पुल्गारिन आता म्हातारा झाला होता, आवाज खरवडल्यासारखा येत होता. कास्तियात माणसं रेडिओला चिकटली, कारण या बँडची ख्याती होती. दरसाल याच्या वेळी आर्बे सगळ्यांत जोरात चावायचा. आताही कुडूमकुडूम सुरू झालं, कडकड, फडफड, नुसता दणका.

"सातवा," आर्बे म्हणाला. "आणि तोही वयाचा मान म्हणून."

मग 'खाष्ट मावशी'.

लिगियानं बटण दाबलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. गाणं बेसनंच सुरू झालं, एकटा बेस, जड आणि हट्टी, दारावर कोणी खांदा घालावा तसा. आर्बेच्या हातात चिचारोनचा तुकडा होता. तो तोंडापर्यंत गेला. तिथंच राहिला. हा खांदा त्याच्या ओळखीचा होता, घरातलं प्रत्येक दार त्यानं एकदा तरी हादरवलं होतं. लिगियाच्या चेहऱ्यावर हसू उमटायला लागलं, आणि ते हसू पाहूनच आर्बेचं टाळकं सटकलं. त्यानं तुकडा खाली ठेवला, कॉफीचा रिकामा प्लास्टिकचा ग्लास उचलला आणि माइकजवळ नेऊन मुठीत चुरगाळला. कडकड. फडफड. पुन्हा पुन्हा.

"आर्बे!" लिगिया काचेपलीकडून ओरडली.

"नववा नंबर," आर्बे माइकमध्ये म्हणाला. "बेस वाजवणारी व्यक्ती मूळची चांगल्या घरातली असावी, पण संगत बिघडली."

फोन वाजला. लिगियानं उचलला, ऐकलं, आणि थेट चालू कार्यक्रमात सोडला.

"नमस्कार. माफ करा हं, आपल्याला त्रास देते," एक गोड, दबका, मफलर गुंडाळलेला आवाज म्हणाला. "मी बोगोटाहून बोलतेय. आपला कार्यक्रम आम्ही इथं मोबाइलवर ऐकतो. फारच छान. एक लहानशी शंका होती, आपली परवानगी असेल तर."

आर्बेच्या मानेवरची शीर उडाली. नक्कल त्याच्यापेक्षा सरस होती.

"विचारा," तो म्हणाला.

"आपण आत्ता जे चावलंत, ते काय होतं?"

"चिचारोन."

"असं होय. लाज वाटते म्हणायला, पण अठरा वर्षं मी आपल्या समोर बसून जेवलेय. आपण चावता तेव्हा आधी डावीकडे मोडता, मग उजवीकडे नेता, आणि मध्ये नाकानं फुसकन श्वास सोडता. आत्ता फुसकन नव्हतं." आणि मग तो मफलर एका झटक्यात गळून पडला. "ग्लास चुरगाळत होतास तू, अपा! प्लास्टिकचा ग्लास! आणि दरसाल धुक्याच्या वेळी पण ग्लासच चुरगाळतोस! इतकी वर्षं अख्ख्या वस्तीला प्लास्टिक ऐकवतोयस, खोटारड्या!"

मग दुसरी लाइन लाल होऊन पेटली. लिगियानं तीही सोडली.

"आर्बेभाऊ," एलिएसेरचा आवाज कापत होता, "माझ्या चिचारोनच्या जागी ग्लास? मी काय तुझा वैरी आहे?"

"फोन ठेव, एलिएसेर!"

"ठेवतो. पण पोरगी खरं बोलतेय का तेवढं सांग. लोक दुकानात उभे आहेत."

आर्बेनं काचेपलीकडे पाहिलं. लिगियानं हाताची घडी घातली होती. खोटं पुढे रेटायचं तर आता सगळी वस्ती त्याच्या नाकाचा श्वास मोजणार होती, या वर्षी आणि पुढच्या प्रत्येक वर्षी.

"दोन्ही गाणी परत लाव," तो म्हणाला.

त्यानं चिचारोनची पुडी जवळ ओढली आणि या वेळी खरंच तोंडात घास घातला. आधी 'खाष्ट मावशी'. डावीकडे मोडलं, फुसकन झालं, बेस सुरू झाला, आणि जबडा थांबला. सगळ्यांनी ऐकलं. पण गाण्याच्या मध्यावर ड्रमवाल्यानं घाई केली, तेव्हा एक बारीकसं कुडूम आलं. तेही सगळ्यांनी ऐकलं.

मग 'गलिच्छ धुकं'. पुल्गारिननं तोंड उघडलं. आर्बेच्या घशातून चमत्कारिक आवाज आला आणि काहीतरी टेबलावर पडलं. त्यानंतर गाणं संपेपर्यंत माइकवर काहीच नव्हतं.

"काय झालं, अपा?" मार्योरी अजून फोनवरच होती.

"घास पडला."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिला नंबर त्या हरामखोर पुल्गारिनचा. दुसरी तू."

"त्याला पहिला? तुझा आवाज तोडणाऱ्याला? तुझ्या ड्रमला हसणाऱ्याला?"

"तूच मागितलंस ना खरं! माझं भागत होतं ग्लासावर!"

"आणि मी दुसरी का?"

"तुझा ड्रमवाला बस सुटल्यासारखा पळतो, म्हणून. बेस बरोबर आहे."

"बरोबर म्हणजे काय?"

"बरोबर म्हणजे बरोबर! जबडा थांबला माझा, आणखी काय पाहिजे, आरती ओवाळू?"

"तुला ऐकायला येत नाही, म्हाताऱ्या! ती घाई मुद्दाम आहे! ती मी बसवलीय!"

"मग तू वाईट बसवलीयस!"

"वाईट?" मार्योरीचा आवाज आता सरळ कास्तियाच्या गल्लीतला झाला होता, बोगोटाचा एक धागा उरला नव्हता. "थांब. सप्टेंबरला येते मी. वाजवायला नाही. त्या पुल्गारिनला तू स्टेजवर चढवशील ना, तेव्हा तुझ्या कानाशी उभी राहून एकेक ठोका मोजून दाखवते. बघू कोणाचं वाईट आहे."

"ये की! घाबरतो का काय तुला!"

"तुला विचारत नाहीये मी!"

"आणि त्या ड्रमवाल्याला पण आण! त्याला माझ्या देखत वाजवू दे!"

"आणते! तो तुला खाऊन टाकेल!"

"खाऊ दे! दूध-अंडं पिणारा काय खाणार!"

एलिएसेर दुसऱ्या लाइनवरून पोरीला शाबासकी देत होता आणि आर्बेला दुकानाची पायरी चढायची बंदी घालत होता. लिगियानं काचेचं दार ढकललं, आत आली आणि नवऱ्याच्या समोरचा माइक स्वतःकडे वळवला.

"मार्योरी, कुठल्या गाडीनं येतेस?" तिनं विचारलं.

बाप आणि लेक एकाच वेळी ओरडत होते, त्यामुळे तिला ते पुन्हा विचारावं लागलं, आणि मग आणखी एकदा.