चिमणीला पत्रा, तरी धूर नाही

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. मी मेकॅनिकल इंजिनीअर, मूळची पुण्याची, सध्या योकोहामात एका कंपनीत बॉयलरचं काम बघते. आग, धूर, हवा... माझा धंदाच तो. म्हणूनच हे लिहिताना डोकं फिरतंय.

आमचा इथला मित्र श्रीकांतदादा. मित्र कसला, मानलेला भाऊच. जपानात आल्यापासून दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळलंय, माझी मुलगी रेवा त्याला मामा म्हणते. नागानोच्या डोंगरात त्याचं एक जुनं घर होतं. कायमचं पुण्याला परत जायचं ठरल्यावर म्हणाला, तुम्हीच घ्या, परक्याला कशाला देऊ. आम्ही हुरळलो! घर नावावर करून घेतलं आणि गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा राहायला गेलो – मी, नवरा समीर आणि पाच वर्षांची रेवा.

हॉलमध्ये विटांची जुनी फायरप्लेस, आणि तिच्या पोकळीत बसवलेली काचेच्या दाराची लोखंडी शेगडी. इन्सर्ट म्हणतात तिला. असली जुनी शेगडी तपासल्याशिवाय पेटवायची नसते, हे मी जगाला सांगत फिरते. पण दादा म्हणाला होता, "चिमणी साफ करून घेतलीय, बिनधास्त पेटव." आता ज्याला ओवाळलं त्याच्या शब्दावर टॉर्च मारत कोण बसतं? शिवाय सासूबाई व्हिडिओ कॉलवर खोळंबलेल्या. नव्या घरात आधी दूध उतू गेलं पाहिजे, बाकी सगळं नंतर.

शेगडीचा माथा थोडा पुढे आलेला होता, त्यावर पातेलं ठेवलं. चांगला तासभर ओंडके जळले. बाहेर बर्फ, खिडक्या गच्च बंद, रेवा समोर मांडी घालून बसलेली. दूध उतू गेलं, सासूबाईंनी तिकडून हात जोडले. खोलीत धुराचा वाससुद्धा नाही. भिंतीवरचा विषारी वायूचा अलार्म गप्प.

दुपारी शेगडी निवल्यावर, काय काय बदलावं लागेल ते बघायला बसले. दाराच्या कडेची, धूर बाहेर न सोडणारी दोरी ठीक होती. आतल्या विटांना तडे होते, पण चालण्यासारखे. मग आतली वरची आडवी लोखंडी फळी काढून टॉर्च वर मारला... चिमणीचं तोंड लोखंडी पत्र्याने बंद केलेलं. कडेने सिमेंट. पत्र्यावर काजळीचा ठिपका नाही.

समीर म्हणाला, कुठेतरी फट असेल. मी कडेकडेने बोट फिरवलं, फट नव्हती. मग रेवाला बाहेर बर्फात पाठवलं, खिडक्या उघडल्या आणि पेपरचा एक बोळा आत पेटवला. सगळा धूर आमच्या तोंडावर आला, डोळ्यांतून पाणी थांबेना. अलार्मचं बटण दाबून बघितलं, तोही व्यवस्थित वाजला. सकाळी याच बंद घरात तासभर लाकडं जळली होती. आम्ही तिघंही तिथेच कायमचे झोपून गेलो असतो.

दादाला फोन लावला. आधी पुण्याच्या ट्रॅफिकबद्दल बोलत बसला. शेवटी मीच पत्र्याचं विचारलं. मग म्हणाला, पत्रा त्यानेच मारला. आत लाकूड नसताना शेगडी तापायची, काचेमागे लाल उजेड दिसायचा. वहिनीने इतका धसका घेतला की ती त्या घरात पाऊल टाकेना.

"मग मला बिनधास्त पेटव का म्हणालास?"

"तू इंजिनीअर आहेस, वाटलं बघून घेशील." मग आवाज खाली आला. "खरं सांगितलं असतं तर घेतलं असतंस का? जपानात रिकामं घर कोणी घेत नाही गं, गळ्यातच पडतं."

"रेवा समोर बसली होती, दादा."

"पण काही झालं नाही ना?"

मी फोन कट केला आणि बाथरूममध्ये जाऊन हमसून हमसून रडले. घरात काय आहे याची भीती तेव्हा डोक्यातही नव्हती. ज्याला घरचा मानलं, त्याने माझ्या पोरीचा जीव पणाला लावला आणि वर असं विचारलं, याचीच आग होत होती.

नंतर ती शेगडी उपटून काढली. ऑफिसातल्या दोन अनुभवी लोकांना फोटो दाखवले. एक म्हणाला, अशक्य. दुसरा म्हणाला, तुझी काहीतरी चूक झाली असणार. होय, झालीच, पण तो म्हणत होता ती नव्हे. धूर कुठे गेला, ते मला आजही माहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

परवा शाळेतून आल्यावर रेवाने जपानीत विचारलं, मामा आता फोन का करत नाही?

तो करतो. मीच उचलत नाही. तिला मराठीत सांगितलं, कामात असेल गं.