शिशाचा डाग

चोपड्याहून यावलला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. पन्नाशीचा, धुतलेला पांढरा सदरा, मऊ आवाज. मी नवा शिक्षक आहे, घरातला पहिलाच पदवीधर, हे त्यानं आपुलकीनं काढून घेतलं. शाळेचं गावही मी अभिमानानं सांगितलं.

मग त्यानं मांडीवर रुमाल उलगडला. आत पिस्तुलाच्या दोन गोळ्या होत्या. एकीचं टोक तांबूस, चकचकीत, दुसरीचं राखाडी.

"तांबाना कोटवाली इकत लेनी पडस," तो हळूच म्हणाला. "हाई घरनी शे. पितळनी पुंगळी जुनी, शिसं मी ओतेल. हात लाईसन दखा, मास्तर."

मला नाही म्हणायची भीती वाटली, म्हणून ती राखाडी गोळी चिमटीत धरली. त्यानं शिशावर नखानं ओरखडा काढून दाखवला, लेकराचं कौतुक करावं तसा हसला आणि स्वतःची बोटं रुमालाला नीट पुसली.

पुढच्या फाट्यावर तो दोन्ही गोळ्यांचा रुमाल खिशात घालून उतरला. जाताना म्हणाला, "तुमनी शाळा ध्यानमा राही."

थोड्या वेळानं नाकाबंदी लागली. हवालदारानं माझ्या शिशानं काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. "पेन गळतो का, सर?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या माणसाला माझी शाळा ठाऊक होती.

आजही फळ्यावर लिहिताना माझं निम्मं लक्ष वर्गाच्या दाराकडे असतं.